दांडगोबाला कोण सांभाळणार

भीक नको पण कुत्रं आवर, ही म्हण वहिनींनी लहानपणापासून ऐकली होती. पण ज्याच्या हातात ते कुत्रं आवरायला दिलेलं असतं त्याचं पुढे काय होतं, हे त्या म्हणीत कुठे सांगितलेलं नाही. ते वहिनींना पन्नाशीच्या तोंडावर कळलं.

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. धाकटा दीर लग्नाआधी त्यांच्याच घरात राहायचा आणि उठल्यापासून झोपेपर्यंत ‘वहिनी, वहिनी’ असा घोष लावायचा. ते ऐकून ऐकून आधी शेजारी, मग गल्ली आणि शेवटी त्या काम करत तिथले लोकही त्यांना वहिनीच म्हणू लागले. काम चष्म्याच्या दुकानात. पुढे काचेच्या कपाटांत फ्रेमा चमकत असायच्या आणि मागे एका बिनखिडकीच्या खोलीत वहिनी उभ्या असायच्या. फिरत्या चकतीवर भिंगाची कड घासायची, वरून पाण्याची बारीक धार, पांढरा राडा खालच्या तबकात. मग भिंग फ्रेममध्ये बसवून बघायचं, किंचित मोठं वाटलं तर परत चकतीवर. जरा हात जास्त पडला की भिंग ढिलं, म्हणजे वाया. दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय असे भरून यायचे, की घरी आल्यावर चपला काढायलाही त्या भिंतीला टेकत.

अशा घरात एका रविवारी दीर गाडी घेऊन आला आणि मागचं दार उघडून त्यानं एक कुत्रा उतरवला. उतरवला म्हणणं चूकच. दार उघडलं तसा तो स्वतःच बंदुकीतून सुटल्यासारखा बाहेर पडला, अंगणाला दोन फेऱ्या मारल्या, वाळत घातलेली चादर ओढून खाली पाडली आणि तिच्यावर लोळला.

“बॉक्सर जातीचा आहे,” दीर कौतुकानं म्हणाला. “अजून वर्षाचाही नाही. वहिनी, माझी बदली झाली. कंपनीच्या घरात कुत्रा चालत नाही. दुसरं घर मिळेपर्यंतच हो. तुमच्याशिवाय माझा कुणावर भरवसा नाही.”

ज्याला इतकं गोड बोलता येतं त्याला जन्मात काही उचलावं लागत नाही, असं वहिनींच्या मनात आलं. पण त्या बोलायच्या आधीच त्यांचे यजमान म्हणाले, “राहू दे की! घराला राखण होईल.” यजमान क्रेन चालवायचे. काम दूर, शनिवारी संध्याकाळी घरी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. म्हणजे राखण कुणी कुणाची करायची, ते उघडच होतं.

कुत्रा दिसायला उमदा होता. तांबूस अंग, छातीवर पांढरा पट्टा, आणि काळं चपटं तोंड, आत्ताच कुणीतरी पाणउतारा केल्यासारखं. कागदोपत्री त्याचं काहीतरी लांबलचक परदेशी नाव होतं. वहिनींच्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, त्याला पहिल्याच दिवशी ‘दांडगोबा’ म्हटलं आणि तेच चिकटलं. आप्पा बसवर कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गुडघे गेले, चार पायांचा वॉकर हातात आला, पण जीभ अजून तिकीट फाडल्यासारखी चालायची.

दांडगोबाच्या मनात कुणाविषयी वाईट नव्हतं, हीच मोठी पंचाईत होती. चावणाऱ्या कुत्र्याला निदान बांधून ठेवता येतं. याला सगळ्यांवर प्रेम करायचं होतं, आणि त्याचं प्रेम दोन पायांवर उभं राहून यायचं. दूधवाला, पार्सलवाला, शेजारची बाई, जो कोणी दिसेल त्याच्या खांद्यावर पुढचे दोन पाय आणि तोंडावर जीभ. फिरायला नेलं की तो पुढे आणि वहिनी मागे, पट्ट्याला लोंबकळत. गल्लीतले लोक विचारायचे, “वहिनी, कोण कुणाला फिरवतंय?” पहिल्या वेळी त्या हसल्या. रोज तोच विनोद ऐकल्यावर नुसती मान हलवू लागल्या.

सकाळी कामाआधी एक फेरी, संध्याकाळी कामावरून आल्यावर दुसरी. तरी त्याची मस्ती जिरायची नाही. सोफ्याचा हात कुरतडून आतला काथ्या बाहेर, मुलीच्या बुटाची जीभ गायब. मुलगी कॉलेजला होती. ती त्याला टेबलाखालून आपल्या ताटातलं भरवायची आणि परीक्षा जवळ आली की दार लावून घ्यायची. वहिनी ओरडल्या तर म्हणायची, “आई, तो लहान आहे गं अजून.” त्या लहानाचं वजन वहिनींच्या निम्म्याहून जास्त होतं.

मग एका संध्याकाळी ते घडलं. आप्पा वॉकर घेऊन खोलीतून बैठकीकडे येत होते. वहिनी नुकत्याच घरात आल्या होत्या, पिशवी अजून खांद्यावर. दांडगोबा त्यांना भेटायला म्हणून धावला, आणि मधल्या अरुंद वाटेत आप्पा होते. वॉकर एकीकडे, आप्पा दुसरीकडे. वहिनींनी पिशवी टाकली आणि धावल्या. आप्पा भिंतीशी बसल्यासारखे पडले होते. दांडगोबाला वाटलं, नवीन खेळ आहे. तो त्यांचं तोंड चाटत होता.

हाड मोडलं नाही, नशीब. कंबर आणि खांदा काळानिळा झाला. डॉक्टर म्हणाले, “या वयात एवढ्यावर निभावलं, देवाचे आभार माना.” आप्पा डॉक्टरांसमोर विनोद करत होते, “बस सुटायच्या आधीच धक्का बसला, डॉक्टर.” पण घरी आल्यावर त्यांनी खोलीचं दार लावलं आणि आतून कडी घातली. त्या दिवसापासून ते जेवणही आतच मागू लागले. वहिनी ताट घेऊन गेल्या की कडी निघायची, ताट आत जायचं आणि परत कडी लागायची. त्या कडीचा आवाज त्यांना दुकानातही आठवायचा. ज्या माणसानं आयुष्यभर गर्दीत उभं राहून लोकांना “पुढे सरका, पुढे सरका” म्हटलं, तो आपल्याच घरात एका खोलीत मावला होता.

वहिनींनी दिराला फोन केला. “भाऊजी, आता घेऊन जा. आप्पा पडले.”

“अरे बापरे! फार लागलं का? वहिनी, अजून थोडंच. घर बघणं चालूच आहे.” मागे कुठेतरी गाणी वाजत होती.

फोन ठेवून वहिनी न्हाणीघरातल्या स्टुलावर जाऊन बसल्या. घरात तेवढीच एक जागा होती जिथे आतून कडी लावली की कुणी हाक मारत नसे. बाहेर दारावर दांडगोबा नखांनी खरडत होता. त्यांना रडूही येईना. रडायलाही अंगात थोडी ताकद लागते.

कुणाला तरी देऊन टाकावा म्हणून त्या जनावरांच्या डॉक्टरकडे चौकशीला गेल्या. डॉक्टर म्हणाले, असा न शिकवलेला दांडगा कुत्रा जो नेईल तोही महिन्याभरात परत आणेल, किंवा रस्त्यावर सोडेल. “आधी शिकवा. मग द्यायचा तर द्या.” आणि त्यांनी एका बाईचा पत्ता दिला. ती बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात दर रविवारी सकाळी कुत्र्यांचा वर्ग घ्यायची.

म्हणजे आठवड्यात झोपायला मिळायची ती एकुलती एक सकाळही गेली.

मास्तरीण काटकुळी, आवाज बसलेला, खिशात उकडलेल्या मांसाचे बारीक तुकडे. जवळ आली की त्यांचाच वास यायचा. पहिल्या दिवशी सगळे कुत्रे ओळीत बसले आणि दांडगोबानं वहिनींना आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चिखलातून ओढत नेलं. बाकीचे लोक सभ्यपणे दुसरीकडे बघत राहिले. वहिनी गुडघ्यापर्यंत माखून परत आल्या आणि म्हणाल्या, “बाई, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. उगाच तुमचा वेळ नको घालवायला.”

“शेपटाचं राहू द्या,” मास्तरीण म्हणाली. “हा तुमच्या घरात अंगावर उडी मारतो तेव्हा कोण काय म्हणतं?”

वहिनी आठवू लागल्या. “मी ‘नको’ म्हणते. मुलगी ‘सिट’ म्हणते. सासरे ‘बस रे मेल्या’ म्हणतात. आणि हे... हे त्याला छातीवर थाप मारून बोलावतात.”

“मग त्यानं कुणाचं ऐकायचं?”

खरं तर वहिनींना बरं वाटलं नाही. इतक्या दमून इथवर आल्यावर शेवटी दोष आपल्याच घरात निघाला, तो कुणाला आवडेल?

पण दुसरा मार्गही नव्हता. मास्तरणीनं सांगितलेलं सगळं ऐकायला सोपं होतं आणि करायला जीवघेणं. उडी मारली की ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, पाठ फिरवून खांबासारखं उभं राहायचं; चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी तुकडा द्यायचा. पट्टा ताणला की थांबायचं. सैल झाला की मगच पुढचं पाऊल. पहिल्या आठवड्यात वहिनी कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंतही पोहोचल्या नाहीत. दोन पावलं, थांबा. एक पाऊल, थांबा. मागून येणारे लोक वळसा घालून जायचे. एकदा समोरच्या बाल्कनीतून कुणीतरी विचारलं, “वहिनी, काही हरवलंय का?” “हो,” वहिनी म्हणाल्या, “डोकं.”

माणसांची सवय करायची म्हणून त्या त्याला घेऊन बसथांब्यापासून जरा लांबच्या बाकावर बसत. बस आली, माणसं उतरली की तुकडा. छत्रीवाला गेला, तुकडा. हेल्मेट घातलेला पार्सलवाला गेला, तुकडा. सुरुवातीला दांडगोबा बाकासकट त्यांना ओढायला बघायचा. मग हळूहळू माणूस दिसला की त्याची मान वहिनींकडे वळू लागली. वहिनी मात्र बसल्या बसल्या पेंगायच्या. एकदा डोळा लागला आणि जाग आली तर हातातले सगळे तुकडे संपलेले, आणि एक म्हातारी बाजूला बसून त्याच्या कानामागे खाजवत होती. तो चारही पायांवर उभा होता. उडी मारायचं तो विसरला होता, की त्याला तेवढंच सुचलं होतं, कोण जाणे.

घरात वहिनींनी सगळ्यांना एकत्र बसवलं. आप्पांसाठी दाराच्या फटीतून बोलावं लागलं. एकच शब्द ठरला: चटई. मधल्या वाटेच्या तोंडाशी एक जुनी चटई टाकायची आणि कुणी त्या वाटेनं चाललं की दांडगोबानं तिच्यावर बसायचं. मुलीनं टेबलाखालून भरवणं सोडायचं कबूल केलं आणि दोनदा मोडलं. तिसऱ्यांदा वहिनींनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. मग मात्र तिनं पाळलं.

अडचण शनिवारची होती. आठवडाभर जे रुजलं ते यजमान दारात पाऊल टाकताच उपटून टाकायचे. छातीवर दोन थापा, “ये रे पठ्ठ्या!” आणि दांडगोबा हवेत. बापलेकासारखे दोघं गडबडा लोळायचे. सोमवारी तो परत पार्सलवाल्याच्या खांद्यावर. एका शनिवारी वहिनींना ते बघवेना. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही शनिवारी येता आणि माझा अख्खा आठवडा पुसून टाकता.”

“असं काय म्हणतेस? प्रेम करतो गं मी त्याच्यावर.”

“करा की. पण आप्पा दार उघडत नाहीत, ते कुणामुळे? माझ्या मनगटात कळ येते, काल एक भिंग हातातून सुटून फुटलं. माझ्यात ओरडायचीही ताकद नाही उरलेली. म्हणून सांगते, ऐका.”

दांडगोबा बसलेल्या यजमानांसमोर उभा, थापेची वाट बघत. त्यांनी हात वर केला आणि परत मांडीवर ठेवला. त्या संध्याकाळी त्यांना त्याच्याशी कसं वागावं तेच कळेना. दोघंही अवघडून एकमेकांकडे बघत होते. वहिनींना यजमानांची थोडी दया आली.

दिवस असेच गेले. नाट्यमय असं काही झालं नाही. आधी दहातून एखाद्या वेळी चटईवर बसायचा, मग निम्म्या वेळा, आणि मध्येच दोन दिवस सगळं विसरायचा. मास्तरीण म्हणायची, “होतं असं.” वहिनींना वाटायचं, हिला काय जातंय म्हणायला.

एक दिवस संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या असताना त्यांना कडीचा आवाज आला. ताटाची वेळ नव्हती. त्या दारात आल्या. आप्पा वॉकरवर दोन्ही हात घट्ट धरून उंबऱ्याशी उभे होते. हातांच्या शिरा दिसत होत्या. दांडगोबा बैठकीत होता. त्यानं मान वर केली, कान टवकारले. तेवढ्यात आप्पांनीच, गच्च भरलेल्या बसमधल्या जुन्या आवाजात, ठणकावलं: “चटई!”

दांडगोबा दचकला. मग धावत चटईवर जाऊन बसला. अंग सगळं थरथरत होतं, मागचा भाग जेमतेम टेकलेला, पण बसला. आप्पा एक एक पाऊल टाकत त्याच्या समोरून गेले. अर्ध्या वाटेत थांबून म्हणाले, “तिकीट दाखव रे.” वहिनींनी घाईघाईनं तुकडा आप्पांच्या हातात दिला आणि आप्पांनी तो वाकता येईना म्हणून खाली टाकला. मग बैठकीतल्या आपल्या खुर्चीत बसून म्हणाले, “सूनबाई, चहा कर जरा. इथेच घेतो.”

वहिनींनी परत आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

हे सगळं मार्गी लागतंय न लागतंय तोच एका शनिवारी रात्री दीर आला. त्याला घर मिळालं होतं, बरंच आधी मिळालं होतं असं बोलण्यात निघालं. दांडगोबा त्याच्याजवळ गेला, चारही पाय खाली ठेवून, हुंगून परत आला. दीर खूश झाला. “वा! हा तर पार माणसाळला. बायको घाबरायची म्हणून इतके दिवस धीर होत नव्हता. आता काही प्रश्न नाही. उद्या घेऊन जातो.”

यजमान म्हणाले, “तुझाच आहे, ने की.” ते त्यांनी सवयीनं म्हटलं आणि म्हणून झाल्यावर वहिनींकडे पाहिलं.

“हिला विचारा,” आप्पा खुर्चीतून म्हणाले. “ज्यानं गाडी चालवली त्याला विचारतात, थांबा कुठे आहे ते.”

सगळे वहिनींकडे बघू लागले. आणि वहिनींना आपल्याला काय हवंय तेच सापडेना. द्यावा, म्हणजे पहाटेची झोप परत मिळेल, मनगट बरं होईल. या एका क्षणाची त्यांनी किती वाट पाहिली होती! पण बसथांब्यावरचा बाक आठवला, चिखल आठवला, आणि ते सगळं कुणीतरी आयतं उचलून गाडीत टाकणार, हे सोसवेना. राग म्हणावा तर रागही पुरा येत नव्हता.

“न्या भाऊजी,” त्या म्हणाल्या. “पण त्याला जे येतं ते माझ्या हाताशी येतं. तुमच्या हाताशी काय येतं ते त्याला माहीत नाही. आधी काही रविवार मास्तरणीकडे त्याला घेऊन या. ती म्हणाली की न्या.”

“एवढंच ना? येतो की!”

पहिल्या रविवारी तो आला. दांडगोबानं त्याला आवारभर फरफटवलं. मास्तरणीनं त्याला दोन पावलं, थांबा, एक पाऊल, थांबा, असं तासभर करायला लावलं. जाताना तो घामानं निथळत होता आणि बूट चिखलानं भरले होते. “वहिनी, तुम्ही हे रोज करत होतात?” त्यानं विचारलं. वहिनी म्हणाल्या, “आणि मग कामाला जात होते.” तो कपाळ पुसत गाडीत बसला. पुढच्या रविवारी उशिरा आला. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे आले म्हणून फोन आला. मग फोनही आला नाही. वहिनींनी केला नाही. दांडगोबा राहणार असं कुणी ठरवलं नाही. तो जायचा राहिला, एवढंच.

वहिनींना त्याचा आनंद झाला का, असं मुलीनं एकदा विचारलं. वहिनी म्हणाल्या, “मला झोप आली गं.”

शेजारी यजमान वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी घालून ठेवलं. पुढच्या रविवारी सकाळी वहिनी नेहमीसारख्या उठल्या, तर पट्टा खुंटीवर नव्हता आणि तुकड्यांची डबीही नव्हती. आप्पा खुर्चीत बसले होते. “गेला तो त्याला घेऊन वर्गाला,” ते म्हणाले. “विचारत होता, दोन पावलं की तीन. मी म्हटलं, मास्तरणीला विचार.”

यजमान दुपारी परतले तेव्हा दोन्ही कोपरांना चिखल होता आणि पँटचा गुडघा फाटला होता. दांडगोबा चटईवर जाऊन धप्पकन पडला. आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे मान वळवली. वहिनी पंखा लावून, कुशीवर वळून, तोंड किंचित उघडं टाकून झोपल्या होत्या. यजमानांनी बूट दाराबाहेरच काढले आणि अनवाणी, आवाज न करता स्वयंपाकघरात जाऊन भात लावला. तो खाली लागला, करपला. त्याचा वास घरभर झाला, तरी वहिनी उठल्या नाहीत.